घोडा, कोपरा आणि घरांचे रंग

बुद्धिबळाच्या पटावर चौरस किती, असं कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर विचारून बघा. पहिलं उत्तर हमखास 64 येतं. लगेच दुसरा म्हणतो, 'आरं, अख्खा पट पण चौरसच की, 65 धर.' मग तिसऱ्याच्या डोक्यात उजेड पडतो. दोन बाय दोनचे 49, तीन बाय तीनचे 36, असं करत करत बेरीज 204 वर जाते. शिवाजी पेठेत आमची रविवारची बैठक असते. तिथं डाव संपून मोहरे डब्यात गेले, चहा आला, की अशा प्रश्नांना ऊत येतो. बैठकीत एक निवृत्त गणिताचे सर आहेत, सगळ्यांचे मामा आहेत, इंजिनिअरिंगचा एक पोरगा आहे आणि नववीतली एक मुलगी आहे.

गव्हाच्या दाण्यांचा प्रश्न तिथंही जुना झालाय. पहिल्या घरात एक दाणा, पुढं दुप्पट दुप्पट, तर एकूण किती? 1,84,46,74,40,73,70,95,51,615. मला यातला अर्ध्या पटाचा हिशोब जास्त आवडतो. दाण्याचं वजन 40 मिलिग्रॅम धरलं, तर पहिल्या 32 घरांचा सगळा गहू 170 टनांच्या आसपास भरतो. म्हणजे दहा टनी सतरा ट्रक. मार्केट यार्डात दिवसभरात उतरवून होतील. पुढच्या 32 घरांना मात्र सारं जग आज जेवढा गहू पिकवतं तेवढं कित्येक शतकं पिकवत राहिलं तरी पुरायचं नाही.

पण आकडा प्रचंड असला म्हणजे प्रश्न अवघड असतोच असं नाही. हे ज्या प्रश्नानं मला पटवलं तो सरांनी घातला होता. पांढऱ्याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात घोडा ठेवा. घोड्याची उडी म्हणजे दोन घरं सरळ आणि एक घर बाजूला. त्यानं पटावरच्या प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवायचा, एकही घर चुकवायचं नाही, दोनदा एकाच घरात जायचं नाही, आणि शेवटची उडी बरोब्बर कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात मारायची. जमेल का?

मामांनी पट पुढ्यात ओढला आणि शेंगदाणे टाकत वाट काढायला सुरुवात केली. इंजिनिअरिंगच्या पोरानं लॅपटॉप उघडला. 'प्रोग्रॅम लिहितो मामा, पाच मिनिटं द्या.'

'तुझी पाच मिनिटं हुईपर्यंत माझा घोडा पोचतोय बघ.'

मुलगी दोघांकडं बघत होती. 'सर, नाही जमणार.'

'का गं?'

'घोडा दर उडीला रंग बदलतो.'

बस्स, एवढंच आहे उत्तर. काळ्या घरातला घोडा पांढऱ्यात पडतो, पांढऱ्यातला काळ्यात. याला अपवाद नाही. पहिलं घर धरून 64 घरं फिरायची म्हणजे उड्या 63. 63 हा विषम आकडा, म्हणून काळ्यातून निघालेला घोडा शेवटी पांढऱ्यातच असणार. आणि समोरासमोरचे ते दोन्ही कोपरे काळे आहेत. मामा रात्रभर बसले असते किंवा प्रोग्रॅम वर्षभर चालला असता, तरी ती वाट सापडली नसती, कारण ती नाहीच. 'अजून सापडली नाही' आणि 'असूच शकत नाही' यातलं अंतर इतक्या थोडक्यात दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मुक्कामाचा हट्ट सोडला तर घोड्याच्या वाटा भरपूर आहेत. आपल्याकडं तर हे कोडं काव्यात गेलं होतं. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटानं 'काव्यालंकार' या ग्रंथात अर्ध्या पटाचा, म्हणजे चार ओळींत आठ-आठ अक्षरांचा श्लोक दिलाय. तो सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्यांनी वाचा, अक्षरं तीच येतात. युरोपात गणितज्ञ ऑयलरनं 1759 मध्ये या वाटांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. शेवटच्या घरातून एका उडीत पुन्हा पहिल्या घरात येता येईल अशा बंद वाटा किती, हे मोजायला मात्र संगणकच लागला. त्या आहेत 1,32,67,36,44,10,532.

वाट हातानं काढायची असेल तर 1823 मध्ये वार्न्सडॉर्फनं सांगितलेला नियम वापरा. ज्या घरातून पुढं जायला सगळ्यात कमी मोकळ्या उड्या उरल्यात, त्या घरात आधी जायचं. असं का, ते कोपऱ्यात कळतं. पटाच्या मध्यावरच्या घरातून घोड्याला आठ उड्या असतात, कोपऱ्यातून दोनच. कोपऱ्याला जणू दोनच दारं आहेत, एकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. त्यातल्या एका दाराशी आलात आणि आत न शिरता पुढं गेलात, तर ते दार बंद झालं. मग कोपरा शेवटचा मुक्काम तरी ठरतो, नाहीतर सुटतो तरी. म्हणून अडचणीची घरं आधी उरकायची आणि ऐसपैस मध्य मागं ठेवायचा. हा नियम दरवेळी तारेलच असं नाही, पण आठ बाय आठच्या पटावर बहुतेक वेळा काम होऊन जातं.

मग सरांनी पुढचा प्रश्न टाकला. एकानंही दुसऱ्याला मारता कामा नये, असे पटावर जास्तीत जास्त किती घोडे बसतील? 'बत्तीस,' मामा चटकन म्हणाले, 'सगळे काळ्या घरांत बसवा. मारणार ते पांढऱ्याला, आणि तिथं कोण हाय?' बरोबर. पण तेहतिसावा बसणारच नाही कशावरून? काही काळ्यात, काही पांढऱ्यात अशी एखादी चलाख मांडणी असेल की!

इथं घोड्याची वाटच कामाला येते. एक पूर्ण वाट घ्या आणि तिची 64 घरं ओळीनं दोन-दोन करून तोडा. 32 जोड्या पडतात. प्रत्येक जोडीतली दोन घरं एकमेकांपासून एका उडीवर असतात, तेव्हा दोन्हींत घोडे बसवले तर ते एकमेकांना मारणारच. म्हणजे एका जोडीत फार तर एक घोडा, 32 जोड्यांत 32. विषय संपला. वाट म्हणजे निव्वळ करमणूक असं जे वाटत होतं, तीच इथं पुरावा झाली. मला तरी हे फार सुंदर वाटतं.

पोरानं तेवढ्यात विचारलं, 'मग सर, अख्ख्या बुद्धिबळाचाच निकाल असा रंगांवरून का नाही लागत? पांढऱ्यानं अचूक खेळलं तर तो जिंकतो की नाही, एवढं सांगा.'

याला अजून उत्तर नाही. गणितज्ञ झर्मेलोनं 1913 मध्ये एवढं दाखवलं की तीनपैकी एक गोष्ट खरी असलीच पाहिजे. पांढरा हमखास जिंकू शकतो, काळा हमखास जिंकू शकतो, किंवा दोघंही बरोबरी हमखास राखू शकतात. कुठली, हे शोधायचं तर डावांचं रान समोर येतं. पांढऱ्याच्या पहिल्या खेळीचे पर्याय 20. दोघांची एकेक खेळी झाली की 400 प्रकार, दोन-दोन झाल्या की 1,97,281. त्यातल्या आठ प्रकारांत तर पांढऱ्यावर मातही झालेली असते! माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅनननं 1950 मध्ये अंदाज बांधला. दर वेळी साधारण 30 पर्याय, म्हणजे दोघांच्या एकेका खेळीला मिळून हजारभर, आणि डाव 40 खेळ्यांचा. एकूण डाव 1 वर 120 शून्यं. दिसणाऱ्या विश्वातले अणू 1 वर 80 शून्यांच्या आसपास मानतात. इथं मुलीनं दिलं तसं एका वाक्याचं उत्तर कुणालाही सुचलेलं नाही.

शेवटाकडून मात्र मजल मारता आलीय. मात झालेल्या स्थितीपासून सुरू करून एकेक खेळी उलटी मागं न्यायची आणि प्रत्येक स्थितीचा निकाल नोंदवायचा. 2012 मध्ये मॉस्कोतल्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या शेवटांचा असा कोठा तयार झाला. त्यात एक स्थिती अशी निघाली की दोघांनी अचूक खेळलं तर मात व्हायला 549 खेळ्या लागतात.

आणि कोठा न उघडता, नुसत्या रंगावरून निकाल लागेल असे शेवटही आहेत. सरांनी एक मांडून दाखवला. (घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभे रकाने ए ते एच, त्याच्या बाजूनं आडव्या ओळी 1 ते 8.) पांढरा राजा ए8 वर, त्याचंच प्यादं ए7 वर, त्यामुळं राजा कोंडलेला. काळा राजा सी7 आणि सी8 या दोनच घरांत येरझाऱ्या घालतोय. पांढऱ्याकडं उरलाय तो एक घोडा, लांब कुठंतरी. घोड्यानं काळ्या राजाचं परतीचं घर नेमक्या वेळी अडवलं तर राजाला बाजूला व्हावं लागतं, पांढरा राजा सुटतो आणि प्याद्याचा वजीर होतो. पण घोडाही दर खेळीला रंग बदलतो आणि हा राजाही. एक चाल वाया घालवून ताळ जमवणं घोड्याला शक्यच नाही. एरवी मोकळा राजा तीन खेळ्यांतही फिरून आपल्या घरी येतो, घोड्याला परत यायला नेहमी सम उड्याच लागतात. तेव्हा काळ्याची पाळी असताना त्याचा राजा आणि तो घोडा एकाच रंगाच्या घरांत असतील तर पांढरा जिंकतो. वेगवेगळ्या रंगांत असतील तर बरोबरी, मग घोडा कितीही नाचवा.

मामांचा विश्वास बसेना. त्यांनी घोडा एच1 वर, पांढऱ्या घरात ठेवला, काळा राजा सी8 वर, तोही पांढऱ्यात, आणि पोराला काळ्याकडून बसवून पहिली चाल त्याला दिली. मामा जिंकले. मग घोडा शेजारच्या जी1 वर सरकवून बाकी सगळं तसंच मांडलं, आणि चहाची दुसरी फेरी आली तरी पोराचा राजा सी7 आणि सी8 मधून हलला नव्हता.