‘बॉर्डरलाइन’ गाठ: सोनोग्राफीतल्या अंकुरापासून स्लाइडपर्यंत

अंडाशयाच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन’ शब्द दिसला की वाटतं, डॉक्टरांनाच नक्की सांगता येत नाहीये. तसं नाही. हे स्वतंत्र आणि ठाम निदान आहे. पेशी साध्या गाठीपेक्षा जास्त वाढलेल्या असतात, त्यांची केंद्रकंही थोडी बिघडलेली असतात, पण त्या खालच्या ऊतीत घुसून मोडतोड करत नाहीत. या गाठी कर्करोगापेक्षा कमी वयात आढळतात. सुमारे एकतृतीयांश रुग्ण चाळिशीच्या आतल्या असतात, म्हणून गर्भाशय आणि दुसरं अंडाशय वाचवण्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पाण्याने भरलेल्या सिस्टच्या भिंतीवर आतल्या बाजूने उगवलेले अंकुर शोधायचे असतात. उंची ३ मिमी किंवा जास्त असली तरच त्याला अंकुर म्हणतात. त्यावर कलर डॉपलर लावून रक्तप्रवाह पाहायचा. इथे एक चूक वारंवार होते: मशीनचं स्केल जास्त वेगासाठी लावलेलं राहतं आणि अंकुरातला संथ प्रवाह दिसतच नाही. उलट भिंतीला चिकटलेली रक्ताची गुठळी अंकुरासारखी भासते. तिच्यात प्रवाह नसतो आणि प्रोबने हलकेच दाबलं तर ती बऱ्याचदा हलते. गरोदरपणात चॉकलेट सिस्टच्या (एंडोमेट्रिओसिसमुळे झालेल्या, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीच्या) भिंतीवर तर रक्तप्रवाह असलेले, गुळगुळीत कडांचे अंकुरही येतात आणि ते निरुपद्रवी असू शकतात.

सिरस प्रकारात (पाण्यासारखा पातळ द्रव असलेल्या गाठीत) अंकुर भरपूर असतात आणि साधारण एकतृतीयांश वेळा गाठ दोन्ही बाजूंना असते. आतड्यासारख्या पेशींचा म्युसिनस (चिकट द्रवाचा) प्रकार बहुधा एकाच बाजूला, खूप मोठा आणि असंख्य कप्प्यांचा असतो. प्रत्येक कप्प्यातल्या द्रवाचा दाटपणा वेगळा, म्हणून एमआरआयवर तो रंगीत काचांच्या खिडकीसारखा दिसतो. सिरस अंकुर एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या (पाणी उजळ दाखवणाऱ्या) चित्रात उजळ दिसतात आणि त्यांच्या आत काळी, फांद्या फुटलेली तंतुमय दांडी दिसते. हे चित्र दिसलं की रेडिओलॉजिस्टला बॉर्डरलाइनचा दाट संशय येतो. खात्री मात्र होत नाही, कारण ‘घुसलेलं नाही’ हे कोणत्याही स्कॅनवर सिद्ध करता येत नाही.

सुई घालून थोडे नमुने काढण्यानेही ते सिद्ध होत नाही. शिवाय सिस्ट फुटून आतला द्रव पोटात सांडू शकतो. म्हणून गाठ शक्यतो अखंड काढून पिशवीतून बाहेर आणतात.

खरी कसोटी त्यानंतर, पॅथॉलॉजीच्या टेबलावर लागते. गाठ उघडून घट्ट, खडबडीत, मखमली भाग निवडायचे. नुसती पातळ गुळगुळीत भिंत कापून उपयोग नाही. ठोकताळा असा की गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा), आणि म्युसिनस गाठ १० सेंमीपेक्षा मोठी असेल तर दोन. म्हणजे १८ सेंमीच्या गाठीतून ३६ ब्लॉक! स्लाइडवर येतो तो प्रत्येक ब्लॉकमधला साधारण ४ मायक्रॉनचा काप. दहा ब्लॉकवर काम उरकलं तर कर्करोगाचा छोटासा भाग टेबलावरच राहून जाऊ शकतो. ऑपरेशन चालू असताना केलेलं फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून केलेली झटपट तपासणी) मोठ्या म्युसिनस गाठीत चुकतं ते याच कारणाने: तिथे एक-दोन तुकडेच तपासता येतात.

स्लाइडवर मोठ्या अंकुरातून लहान, त्यातून आणखी लहान अशा फांद्या फुटलेल्या आणि पेशींचे सुटे पुंजके तरंगताना दिसतात. अशी वाढ किमान १० टक्के भागात हवी. त्याहून कमी असेल तर निदान साध्या गाठीचंच राहतं. न घुसण्याच्या नियमाला एक अपवाद आहे: ५ मिमीपेक्षा लहान घुसखोरीला सूक्ष्म-आक्रमण म्हणतात आणि बॉर्डरलाइन हे नाव कायम राहतं. पोटातल्या पडद्यावर पेशींचे ठिपके असतील तर ते वरवर चिकटलेत की आत घुसलेत, हे पाहावंच लागतं. २०१४ पासून घुसलेल्या सिरस ठिपक्यांना सरळ कमी श्रेणीचा कर्करोग मानतात. म्युसिनस गाठ लहान आणि दोन्ही बाजूंना असेल, तर ती अपेंडिक्स किंवा आतड्यातून आलेली नाही ना, हे आधी तपासायचं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर स्लाइडबरोबर मेणाचे ब्लॉकही मागून घ्यावेत. नवे काप आणि विशेष रंगचाचण्या ब्लॉकमधूनच होतात.