करदोडा लहान पडला की

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार बोजारा मागत फिरतात. आता पैशांसोबत हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडाही पडतो. गेल्या खेपेला शेजारच्या आजी सहा वर्षांच्या नातवाचा करदोडा सोडून लांब करत होत्या. "पोट्टं अंगानं भरलं वो," म्हणाल्या. सूर कौतुकाचा होता, आणि तो साहजिकही आहे. ज्या भागानं मेळघाटातलं कुपोषण पाहिलं, तिथे भरलेलं अंग म्हणजे सुखच.

अंगणवाडीचा काटाही याच भीतीपोटी आला. ताई वजन-उंची घेते, दंडाला पट्टी लावते आणि मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषित) की मॅममध्ये (मध्यम कुपोषित), ते बघते. नजर खालच्या टोकाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती, २५.६ टक्के उंचीच्या मानानं हडकुळी. पण त्याच पाहणीत दुसऱ्या टोकाला जादा वजनाची मुलं १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेलेली दिसतात, तीही मागच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीपासून. आकडा लहान आहे, पण दुप्पट झालाय. आणि हे फक्त शहराचं दुखणं म्हणावं, तर देशभरात त्या वयाच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण शहरात ४.२ आणि खेड्यात ३.२ टक्के. एका टक्क्याचंच अंतर.

मोठ्यांच्या बाबतीत तर चित्र केव्हाच उलटलं. १९८५ ते २०१७ या काळात जगभर माणसांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, जेवढा वाढला त्यातली निम्म्याहून जास्त वाढ खेड्यांतून आली. ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली. पोरं शाळेला ऑटोनं जातात. ताटातली ज्वारीची भाकर मागे सरून रेशनचा गहू-तांदूळ पुढे आला. मला मात्र यापेक्षा किराणा दुकानाची दोरी महत्त्वाची वाटते. केळी-पेरू बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा मिळतात आणि चार दिवसांत सडतात. दोरीला टांगलेले पुडे महिनोन्‌महिने टिकतात आणि रोज मिळतात. गावातल्या लेकराला शहरातल्या पोराइतकंच तेल-मीठ मिळतं, फळवाला तेवढा मिळत नाही.

आता शरीराच्या आत बघू. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ लहान होतं, स्नायू कमी होते, पण पाठीवरची कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला रोड, आतून चरबीदार. पोटात असताना अन्न कमी पडलं की शरीर स्नायूंवर काटकसर करतं आणि चरबी सांभाळतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

पुढचा धागा दिल्लीतला. लहानपणापासून मापं घेतलेली १,४९२ माणसं २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर तपासली, तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर बिघडली होती, ते दोन वर्षांपर्यंत बहुधा बारीकच होते. वर्षभराच्या बाळाचं बाळसं पुढे ओसरतं, पाच-सहा वर्षांच्या सुमारास मूल सर्वांत सडपातळ होतं आणि मग पुन्हा भरू लागतं. या लोकांत ते भरणं लवकर सुरू झालं आणि वेगानं चाललं. तरी बाराव्या वर्षी त्यांतला एकही लठ्ठ नव्हता. म्हणजे घरच्यांना काही खटकलंच नसतं. एकाच दिवसाचं वजन पाहून हे कळत नाही. आलेखावरची रेघ किती तिरकी चढतेय, ते पाहावं लागतं.

पहिलीच्या पुढे मात्र वजनासाठी कोणी घरी येत नाही. तेव्हा एक घरगुती माप: मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्यायचा, दुमडून अर्धा करायचा आणि कमरेला गुंडाळायचा. टोकं भेटली नाहीत, तर पोटावर चरबी जास्त. हे पाच वर्षांवरच्या मुलांसाठी. त्याखालच्यांना लागू करू नये.

आजींच्या हातात काळा दोरा होताच. नातवाला भिंतीला टेकवून उभं केलं, माप घेतलं, दुमडलं. टोकं भेटली, पण जेमतेम, एक बोटही सरकेना. आजी दोऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मंग आता करदोडा लांब करू का नाई?"