समन्स नाकारलं म्हणजे दावा थांबतो का?

"बेलिफ आला तर सही करू नका, कागद घेतला नाही की केस पुढे सरकत नाही." हा सल्ला गावोगावी वर्षानुवर्षं फिरतो आहे. कोर्टाची धास्ती असते, म्हणून तो पटतोही. पण त्याने माणसाचं नुकसानच होतं.

बेलिफ हा कोर्टाचा कर्मचारी. दिवाणी दाव्याचं समन्स पोहोचवणं आणि ते कसं, केव्हा पोहोचवलं याचा अहवाल देणं हे त्याचं काम. निवाडा तो करत नाही. तुमची सही म्हणजे फक्त 'कागद मिळाला', दावा कबूल केला असं नव्हे.

सही नाकारली तर? दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या आदेश 5, नियम 17 प्रमाणे बेलिफ समन्सची प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवतो आणि तसा अहवाल देतो. तो तपासून कोर्ट बजावणी झाली असं ठरवू शकतं. मग तारखेला तुम्ही गैरहजर राहिलात, तर दावा एकतर्फी, म्हणजे तुमची बाजू न ऐकता, चालू शकतो. एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि मुदत साधारण 30 दिवसांचीच. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायलाही समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात; कारण पटलं तर कोर्ट ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. म्हणून कागद घ्या आणि लगेच वकील गाठा.

समन्स खरं आहे का, अशी शंका रास्तच आहे. त्यावरचा शिक्का, दावा क्रमांक आणि तारीख बघा, तो क्रमांक ई-कोर्ट्स ॲपवर टाका किंवा कोर्टाच्या कार्यालयात विचारा.