सिक्स-टू-फोर रिले

सिक्स-टू-फोर रिले : इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४च्या, जाळ्यातून वाहून आणलेली नव्या आयपीव्ही६ पद्धतीची पॅकेटे (माहितीचे तुकडे) खऱ्या आयपीव्ही६ इंटरनेटवर सोडणारा आणि तिकडची पॅकेटे पुन्हा जुन्या जाळ्यात घालणारा राउटर. २००१ मध्ये ही कल्पना मानक म्हणून आली. पुढची दहा-बारा वर्षे जगभरच्या अनेक संगणकांची आयपीव्ही६ वाहतूक मालकांच्या नकळत अशा रिलेंवरून गेली. २०१५ मध्ये आयईटीएफने, म्हणजे इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने, सार्वजनिक रिलेंची ही व्यवस्था अधिकृतपणे मोडीत काढली. तंत्र म्हणून ती चतुर होती. तरीही ती फसली, कारण मधला रिले कोणी चालवायचा आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

आयपीव्ही४चे मानक सप्टेंबर १९८१ मधले. त्यातला पत्ता ३२ बिटांचा, म्हणून सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. हे पुरणार नाहीत हे नव्वदीच्या सुरुवातीलाच दिसत होते. डिसेंबर १९९५ मध्ये आयपीव्ही६चे पहिले मानक निघाले आणि पत्ता १२८ बिटांचा झाला. मात्र नवी पद्धत जुनीशी सुसंगत ठेवलेली नव्हती. आयपीव्ही४च्या पॅकेटात १२८ बिटांचा पत्ता लिहायला जागाच नाही, त्यामुळे फक्त जुनी पद्धत जाणणारे यंत्र नव्या यंत्राला उत्तर देऊच शकत नाही. काही वर्षे सगळ्यांनी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवायच्या आणि मग जुनी बंद करायची, असा मूळ बेत होता. पण आयपीव्ही६ सुरू केल्याने कोणत्याही कंपनीला एकही नवा ग्राहक मिळत नव्हता. बेत कागदावरच राहिला.

आपली इंटरनेट कंपनी आयपीव्ही६ देत नसेल तर ग्राहकाने काय करायचे? ब्रायन कारपेंटर आणि कीथ मूर यांनी फेब्रुवारी २००१ च्या आरएफसी ३०५६ मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचा क्रमांक दिलेला दस्तऐवज) यावर उपाय मांडला : कंपनीला विचारायचेच नाही.

कार्यपद्धती

ज्याच्याकडे एक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता आहे, त्याला आयपीव्ही६चा एक अख्खा गट आपोआप मिळतो. २००२ हा उपसर्ग, त्यामागे आपला जुना पत्ता हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत, की झाले. उदाहरणांसाठी राखून ठेवलेला १९२.०.२.४ हा पत्ता घेऊ. १९२ म्हणजे सी०, शून्य म्हणजे ००, दोन म्हणजे ०२ आणि चार म्हणजे ०४. म्हणून त्या घराचा गट २००२:सी०००:०२०४::/४८. (शेवटचा ४८ म्हणजे पत्त्याचे पहिले ४८ बिट ठरलेले.) अर्ज करावा लागत नाही, नोंदणी नाही, पैसेही नाहीत. या गटात ६५,५३६ उपजाळी बसतात.

पाठवताना आयपीव्ही६चे अख्खे पॅकेट आयपीव्ही४च्या पॅकेटात घातले जाते, एका पाकिटात दुसरे पाकीट घालावे तसे. बाहेरच्या पाकिटावर ‘प्रोटोकॉल ४१’ अशी खूण असते. समोरचा पत्ताही २००२ नेच सुरू होत असेल तर प्रश्नच नाही. त्याच्या पोटातच आयपीव्ही४ पत्ता दडलेला असतो, तो काढायचा आणि पॅकेट थेट तिकडे धाडायचे. रिले लागतो तो समोरचे यंत्र अस्सल आयपीव्ही६वर असेल तेव्हा.

पण रिले सापडायचा कसा? क्रिस्तियान उइतेमा यांच्या जून २००१ च्या आरएफसी ३०६८ ने १९२.८८.९९.१ हा एकच पत्ता सगळ्या रिलेंसाठी ठरवून दिला. जगात कुठेही, कोणीही रिले उभा करावा आणि हाच पत्ता आपल्याकडे असल्याचे शेजारच्या जाळ्यांना जाहीर करावे. पॅकेट मार्गाच्या हिशेबाने त्यांतल्या सर्वांत जवळच्या रिलेकडे जाते. एकाच पत्त्याची अशी अनेक ठिकाणांहून घोषणा करण्याला एनीकास्ट म्हणतात, आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस व्यवस्थेच्या मूळ सर्व्हरांसाठी तीच पद्धत उत्तम चालते.

परतीची वाट वेगळी. संकेतस्थळाचे उत्तर २००२ च्या पत्त्याकडे निघते तेव्हा ते संकेतस्थळाच्या बाजूने जवळ असलेल्या, २००२::/१६ हा गट जाहीर करणाऱ्या दुसऱ्याच एखाद्या रिलेकडे जाते. म्हणजे जाताना एक परका राउटर, येताना दुसरा परका राउटर आणि दोघांपैकी एकाशीही ना ग्राहकाचा करार ना संकेतस्थळाचा.

बिघाड

रिले चालवणारे बहुतेक हौसेने किंवा सद्भावनेने चालवत. काही विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची जाळी होती, हरिकेन इलेक्ट्रिकसारखी आयपीव्ही६चा हिरिरीने प्रसार करणारी कंपनी होती. रिले फुकट असल्याने तो भरून वाहू लागला तरी वाढवण्याचे कारण नव्हते. एखाद्याने पत्त्याची घोषणा चालू ठेवून यंत्र मात्र बंद पडू दिले, तर त्या परिसरातली सगळी वाहतूक निमूटपणे गडप होई. सगळ्या रिलेंचा पत्ता एकच, त्यामुळे तक्रार नेमकी कोणाकडे करायची हे शोधणेही सोपे नव्हते.

त्यात फायरवॉलची, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेची, भर. पॅकेटावर आतल्या मजकुराच्या प्रकाराचा क्रमांक असतो : नेहमीच्या वाहतुकीतल्या टीसीपीचा क्रमांक ६, यूडीपीचा १७. हे दोन ओळखायचे आणि बाकीचे अडवायचे, अशी अनेक कार्यालयांतली रीत. ४१ क्रमांकाची पॅकेटे दारातच टाकली जात, आणि पाठवणाऱ्याला त्याची सूचनाही मिळत नसे. बाहेरच्या पाकिटाचे २० बाइट वाढल्यामुळे १,५०० बाइटांच्या वाटेवर आत १,४८० च उरत. मार्गातल्या कुणी ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोप अडवला, की छोटी पाने उघडत आणि मोठी अर्ध्यात लटकत. सुरक्षेचा प्रश्न वेगळाच होता. रिले ओळखपाळख न विचारता कोणाचेही पॅकेट पुढे ढकलत असल्याने खोट्या पत्त्यांच्या वाहतुकीचा खरा उगम त्यातून लपवता येई. आरएफसी ३९६४ ने डिसेंबर २००४ मध्येच हा धोका सविस्तर मांडला होता.

हे सगळे हौशी तंत्रज्ञांपुरते राहिले असते तर फारसे बिघडले नसते. पण विंडोज व्हिस्टा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता दिसताच सिक्स-टू-फोर आपोआप सुरू करू लागली आणि काही घरगुती राउटरही तसेच करू लागले. आता ज्याला आयपीव्ही६ म्हणजे काय हे माहीतही नाही, त्याचा संगणकही संकेतस्थळाला नवा पत्ता आहे म्हटल्यावर कित्येकदा आधी त्याच वाटेने जाई, वीस-वीस सेकंद ताटकळे आणि मग जुन्या वाटेवर येई. वापरणाऱ्याला एवढेच दिसे की अमुक संकेतस्थळ फार हळू आहे. परिणामी मोठी संकेतस्थळे आयपीव्ही६ पत्ता जाहीर करायलाच बिचकू लागली. गुगलने तर काही काळ आपले नवे पत्ते फक्त तपासून घेतलेल्या जाळ्यांच्या डीएनएस सर्व्हरांनाच सांगितले. नव्या पद्धतीचा प्रसार व्हावा म्हणून काढलेली ही तोड प्रसाराच्याच आड आली.

८ जून २०११ च्या जागतिक आयपीव्ही६ दिनी मोठ्या संकेतस्थळांनी २४ तास दोन्ही पत्ते चालवून पाहिले, आणि ६ जून २०१२ पासून अनेकांनी ते कायमचे चालू ठेवले. ब्राउझरांनीही दोन्ही वाटांवर जवळजवळ एकदमच प्रयत्न करून जी आधी उघडेल ती धरायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१२ च्या आरएफसी ६७२४ ने पसंतीच्या यादीत २००२ च्या पत्त्यांना आयपीव्ही४च्याही खाली ढकलले. शेवटचा घाव मे २०१५ मधल्या आरएफसी ७५२६ चा. त्याने १९२.८८.९९.१ चा वापर थांबवायला सांगितला. मूळ २००२ चा गट अजून राखीव आहे, पण सिक्स-टू-फोर आपोआप सुरू होऊ नये अशी शिफारस आहे.

एक शेवटचा तिढा पत्त्यांच्या टंचाईने घातला. मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले. त्यानंतर कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवू लागल्या आणि आतल्या बाजूसाठी २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारा गट राखला गेला. जुन्या राउटरांना हा गट सामायिक आहे हे माहीत नव्हते. ते तो सार्वजनिक समजून २००२:६४४० असा पत्ता बनवत. अशा पत्त्याकडे पाठवलेले उत्तर कधीच परत येऊ शकत नाही.

नंतरच्या व्यवस्था

फ्रान्समधल्या ‘फ्री’ या इंटरनेट कंपनीने २००७ च्या अखेरीस हीच कल्पना उचलली आणि तीत एकच बदल केला. रेमी देप्रे यांच्या या पद्धतीत २००२ च्या जागी कंपनीचा स्वतःचा आयपीव्ही६ उपसर्ग आला. त्यामुळे जाण्याची आणि येण्याची दोन्ही वाहतूक कंपनीच्याच रिलेवरून जाऊ लागली. बिघडले तर ग्राहकाने कोणाला फोन करायचा हे स्पष्ट झाले. पाच आठवड्यांत १५ लाखांहून अधिक घरांना आयपीव्ही६ देता आले. या पद्धतीला सिक्स-आर-डी म्हणतात. पॅकेटाची गुंडाळी तीच, गणितही तेच, फक्त रिलेला मालक मिळाला.

मोबाइलच्या जगात गरज उलटी होती. तिथे फोनला आयपीव्ही६ देणे सोपे, पण पलीकडची बरीच संकेतस्थळे जुन्या पत्त्यावर. इथे गुंडाळून भागत नाही, भाषांतर करावे लागते, म्हणजे एका पद्धतीचे शीर्षक काढून दुसऱ्या पद्धतीचे लावावे लागते. एप्रिल २०११ च्या आरएफसी ६१४६ ने हे काम करणारे नॅट६४ ठरवून दिले. त्याच्या जोडीला डीएनएस६४ असते. संकेतस्थळाला फक्त आयपीव्ही४ पत्ता असेल तर हा सर्व्हर त्याच्यापुढे ६४:एफएफ९बी:: हा उपसर्ग लावून एक नवा पत्ता तयार करतो. फोन त्या पत्त्याकडे पॅकेट पाठवतो, ते कंपनीच्या भाषांतरकाकडे पोचते, तो शेवटच्या ३२ बिटांतून खरा पत्ता काढतो आणि पॅकेट पुढे नेतो. कोणाचे कोणते पोर्ट (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखण्याचा क्रमांक) कुठे गेले याची नोंद ठेवून उत्तर परत फिरवतो.

यातली अडचण नावाऐवजी थेट अंकी पत्ता वापरणाऱ्या अ‍ॅपांची. डीएनएसला विचारलेच नाही तर बनावट पत्ता मिळणार कसा? सुरुवातीच्या चाचण्यांत स्काइप याच कारणाने अडले. एप्रिल २०१३ च्या आरएफसी ६८७७ मधील ४६४-एक्सलॅट या पद्धतीत फोनमध्येच एक छोटा भाषांतरक बसवला गेला. तो अ‍ॅपची जुनी पॅकेटे नव्या रूपात आणतो आणि कंपनीचा भाषांतरक पलीकडे त्यांना पुन्हा जुने रूप देतो. अमेरिकेतल्या टी-मोबाइलने हे मोठ्या प्रमाणावर वापरले आणि अँड्रॉइडमध्ये ते ४.३ पासून आले. अशा जाळ्यावरच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये पत्ता पाहिला, तर लांबलचक आयपीव्ही६ पत्त्याच्या जोडीला बहुधा १९२.०.०.४ दिसतो. हा पत्ता फोनबाहेर कधीच जात नाही, म्हणून लाखो फोनवर तोच असला तरी चालते. अ‍ॅपलने दुसरी वाट धरली. १ जून २०१६ पासून अ‍ॅप स्टोअरकडे येणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपला फक्त आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावर चालणे बंधनकारक केले.

भारतात दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये आयपीव्ही६चा राष्ट्रीय आराखडा काढला होता. खरी वाढ मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या जिओची फोर-जी सेवा सुरू झाल्यानंतरची. ही सेवा आरंभापासून आयपीव्ही६सह आली. आज आयपीव्ही६चा वापर सर्वाधिक असलेल्या देशांत भारताची गणना होते.

भाषांतराच्या पद्धतीतही गाठी आहेत. डीएनएस६४ पत्ता बनवून देते, तर डीएनएसची सही तपासणारी डीएनएससेक व्यवस्था नेमके असे बनवलेले उत्तर खोटे ठरवते. त्यामुळे सही तपासणारा सर्व्हर आणि पत्ता बनवणारा सर्व्हर एकच ठेवावा लागतो, आणि स्वतःच सही तपासू पाहणाऱ्या यंत्राला पत्ता स्वतःच बनवावा लागतो. शिवाय एका आयपीव्ही४ पत्त्यामागे अनेक ग्राहक असल्याने, पोलिसांनी एखाद्या पत्त्याची विचारणा केली तर नुसती तारीख-वेळ पुरत नाही, पोर्ट क्रमांकही लागतो. तो संकेतस्थळाने नोंदवून ठेवलेला नसेल, तर कंपनीकडे सगळ्या नोंदी असूनही ग्राहक सापडत नाही.