कंपनजन्य कंबरदुखी

यंत्राच्या आसनातून अंगात शिरणारे कंपन आणि त्याच वेळी धरून ठेवावी लागणारी अवघड बैठक यांमुळे होणारे कंबरेचे व कण्याचे दुखणे. त्याचा बारकाईने अभ्यास झाला तो हेलिकॉप्टर वैमानिकांवर. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत निम्म्याहून अधिक वैमानिकांनी ही तक्रार सांगितली आहे. बेळगाव सीमाभागाने हवाई दलाची हेलिकॉप्टरे जवळून पाहिली ती ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. दुखणे मात्र निपाणी, चिकोडी, अथणीकडे ओळखीचे आहे, ते ट्रॅक्टरमुळे.

बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनात सर्वांत जास्त हलते, प्रत्यक्ष आसनाहूनही जास्त. पाठीचे स्नायू प्रत्येक झटक्याला आवरू पाहतात आणि थकतात. मग भार मणक्यांमधल्या गाद्यांवर येतो. हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३.२. पाती पाच, त्यामुळे सेकंदाला १६ वेळा होणारे दुसरे कंपनही आसनापर्यंत पोहोचते.

तरीही सगळा दोष कंपनाच्या माथी मारता येत नाही. वैमानिकाचा उजवा हात दोन गुडघ्यांमधल्या दांड्यावर, डावा हात आसनाशेजारी खाली असलेल्या दांड्यावर आणि दोन्ही पाय पेडलवर. धड पुढे झुकते, किंचित डावीकडे कलते. पुरात एका जागी तरंगत माणसे वर ओढून घेताना तर हात सोडून पाठ टेकायचीही सोय नसते. अमेरिकी लष्कराशी संबंधित संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वैमानिकांना तशाच आसनावर एकदा कंपनासह, एकदा कंपनाविना बसवले; दुखणे दोन्ही वेळा जवळपास सारखेच उमटले. उड्डाणानंतर ते बहुधा ओसरते. तासांची भर पडत गेली की काहींच्या कंबरेत मुक्कामाला येते.

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी कंपनाची दक्षता पातळी (जिच्यापुढे कंपन कमी करण्याचे उपाय करावे लागतात) ०.५ आणि कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. शेतातल्या ट्रॅक्टरवर ०.५ सर्रास ओलांडले जाते. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून फडातून कारखान्याकडे निघालेला चालक वैमानिकासारखाच वाकडा बसतो. फरक एवढाच की तो वारंवार मान आणि कंबर पिळून मागे ट्रॉलीकडे बघतो. फाटलेल्या सीटवर पोत्याची घडी किंवा जाड मऊ फोम टाकायची इथली पद्धत बुडाला सुखाची, कण्याला नव्हे: असा फोम नेमके सेकंदाला ४ च्या आसपासचे कंपन वाढवतो. चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवता येणारी स्प्रिंगची सीट, कंबरेला टेकू, टायरमध्ये योग्य हवा आणि वजनकाट्याच्या रांगेत खाली उतरून चार पावले चालणे, हे त्याहून उपयोगी. कंबरेला पट्टा बांधून पुन्हा त्याच सीटवर बसण्याने कंपन कमी होत नाही. दुखणे पायात उतरू लागले, पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिश थांबवून लगेच डॉक्टर गाठावा.