राहायचं एका स्टेटमध्ये, टॅक्स न्यूयॉर्कला: हा नियम आला कुठून

नवीन जॉबसाठी स्टेट बदललं की त्या वर्षी दोन्हीकडे पार्ट-इयर रिटर्न (जितके महिने जिथे राहिलो तितक्यांचं) भरायची, हे इथे अमेरिकेत बहुतेकांना माहितीये. खरी गोची होते ती कंपनी न्यूयॉर्कची आणि बिऱ्हाड भलतीकडे असलं की.

जुना इतिहास थोडक्यात. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये स्टेट इन्कम टॅक्स आणला, न्यूयॉर्कने १९१९ मध्ये, आणि १९२० मध्येच सर्वोच्च कोर्टाने सांगून टाकलं की बाहेर राहणाऱ्याने आपल्या हद्दीत कमावलेल्या पैशावर स्टेट टॅक्स लावू शकतं. तेव्हा काम कुठे झालं हा प्रश्नच नव्हता, माणूस ऑफिसात जायचा. पुढे न्यूयॉर्कने नियम केला: ऑफिस न्यूयॉर्कात आणि घरून काम तुमच्या सोयीसाठी, कंपनीच्या गरजेपोटी नाही, तर घरचे दिवसही न्यूयॉर्कचेच धरायचे.

याला खरा धक्का द्यायची संधी २००३ मध्ये होती. कनेक्टिकटमध्ये राहणारा एक लॉचा प्राध्यापक, आठवड्यातले काही दिवस मॅनहॅटनमध्ये शिकवायचा, उरलेले दिवस घरी बसून पेपर तपासणं, लिखाण वगैरे. न्यूयॉर्कने सगळ्या पगारावर टॅक्स लावला, कनेक्टिकट म्हणालं घरी केलेलं काम आमच्याकडचं, त्याचं क्रेडिट मिळणार नाही (न्यूयॉर्कला भरलेला टॅक्स आमच्या टॅक्समधून वजा होणार नाही), म्हणजे त्याच पगारावर दोनदा टॅक्स. न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टाने नियम उचलून धरला आणि डबल टॅक्सचं खापर कनेक्टिकटवर फोडलं. मला हे अजिबात पटत नाही, माणूस ज्या दिवशी हद्दीत पाऊलच ठेवत नाही त्या दिवसाची कमाई तिथली कशी? २००५ मध्ये तर टेनेसीतून काम करणारा एक प्रोग्रामर, जेमतेम पाव वेळ न्यूयॉर्कात, तरी टॅक्स पूर्ण पगारावर. तो ४-३ ने हरला, आणि टेनेसीत पगारावर टॅक्सच नाही, मग क्रेडिट कोण देणार?

कोविडनंतर ही भानगड घरोघरी पोचली. न्यू जर्सीतल्या एडिसनला आपली कितीतरी मंडळी घरून न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम करत होती आणि टॅक्स जात होता न्यूयॉर्कला, जर्सी नुसतं क्रेडिट देत बसली. न्यू हॅम्पशायरने अशाच कारणावरून मॅसेच्युसेट्सला कोर्टात खेचलं, पण २०२१ मध्ये सर्वोच्च कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. शेवटी २०२३ पासून जर्सीने जशास तसं केलं: ज्या स्टेटमध्ये असा नियम आहे तिथल्या रहिवाशांना तोच नियम लावायचा, म्हणजे न्यूयॉर्कात घरी बसून जर्सीच्या कंपनीचं काम करणाराही आता यात सापडतो. वर जर्सीचा जो रहिवासी न्यूयॉर्कशी भांडून रिफंड मिळवेल त्याला थोडं क्रेडिटही ठेवलंय. तो प्राध्यापक कोविडच्या काळातल्या टॅक्ससाठी परत लढला. न्यूयॉर्कने त्याला परत नाहीच म्हटलं.