मूल कोणाचे? अमेरिकेतील परंपरानिष्ठ ख्रिस्ती विचार आणि राज्यघटना यांची पार्श्वभूमी

१९२५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत दोन महिन्यांच्या आत दोन खटल्यांचे निकाल लागले. १ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगन राज्याचा एक कायदा एकमताने रद्द ठरवला. ८ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे, अशी सक्ती त्या कायद्याने केली होती. जुलै महिन्यात टेनेसीतील डेटन या लहानशा गावात जॉन स्कोप्स या शिक्षकाला मानवी उत्क्रांतीचा सिद्धांत शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. या दुसऱ्या खटल्यात सरकारची बाजू मांडणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे म्हणणे असे होते की, सरकारी शाळा लोकांच्या करांवर चालते, त्यामुळे तेथे काय शिकवावे आणि काय शिकवू नये हे लोकांनी विधिमंडळातील बहुमताने ठरवावे.

कुटुंब, श्रद्धा आणि मर्यादित शासन ही तीन तत्त्वे आज अमेरिकेतील परंपरानिष्ठ ख्रिस्ती मंडळी एकाच दमात सांगतात, आणि ती मुळापासून एकत्रच होती असा समज त्यामुळे सहज होतो. प्रत्यक्षात त्यांच्यामागे दोन वेगळे वारसे आहेत. एका वारशात शासन कुटुंबाच्या उंबरठ्याबाहेर थांबते. दुसऱ्यात बहुसंख्याकांची श्रद्धा शासनाच्या हाताने शाळेत पोहोचते. त्यातला पहिला वारसा ज्यांनी न्यायालयात लढून उभा केला ते बहुतेक जण प्रोटेस्टंट बहुसंख्याकांच्या लेखी संशयित होते: कॅथलिक जोगिणी (नन), जर्मन भाषक ल्युथरन (एक प्रोटेस्टंट पंथ), आधुनिक जगापासून अलिप्त राहणाऱ्या आमिश पंथाचे शेतकरी. ही गोष्ट या विषयावरच्या चर्चेत फार क्वचित सांगितली जाते, आणि ती सांगितल्याशिवाय आजचे वाद नीट उलगडत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

१७८७ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात ख्रिस्ताचे किंवा ख्रिस्ती धर्माचे अधिष्ठान सांगितलेले नाही. शेवटी तारीख देताना ‘आपल्या प्रभूचे वर्ष’ असा प्रचलित उल्लेख तेवढा येतो. उलट सहाव्या अनुच्छेदात कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी १७८६ मध्ये व्हर्जिनियात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला होता. त्याचा मसुदा थॉमस जेफरसन यांचा आणि तो मंजूर करून घेण्याचे श्रेय जेम्स मॅडिसन यांचे; दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. परंतु त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे उपदेशक होते, आणि त्यांची श्रद्धा अत्यंत कडवी होती. राज्याने मान्य केलेल्या चर्चसाठी कर भरणे आणि परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून तुरुंगात जाणे हे त्यांनी सोसले होते. ‘धर्म आणि शासन यांच्यामधील भिंत’ हे जेफरसन यांचे शब्द १ जानेवारी १८०२ च्या ज्या पत्रात आहेत, ते पत्रही कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्टिस्टांनाच लिहिलेले होते. श्रद्धा खरी असेल तर तिला सरकारी आधाराची गरज नाही, हा विचार नास्तिकांकडून आलेला नसून या भाविकांकडून आलेला आहे.

१७९१ ची पहिली घटनादुरुस्ती मात्र केवळ केंद्रीय काँग्रेसवर बंधनकारक होती. राज्यांना आपापले अधिकृत चर्च ठेवण्याची मुभा होती आणि मॅसॅच्युसेट्सने ती व्यवस्था १८३३ पर्यंत चालवली. मराठी वाचकाला याची एक खूण ओळखीची आहे. १८१३ मध्ये मुंबईत येऊन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी ज्या बॉस्टनस्थित अमेरिकन बोर्ड या मिशनरी मंडळाने पाठवले होते, त्या मंडळाच्या स्वतःच्या राज्यात तेव्हा चर्चचा खर्च कायद्याने वसूल केलेल्या करातून चालत होता. यादवी युद्धाच्या काळात काही प्रोटेस्टंट पंथीयांनी राज्यघटनेच्या उद्देशिकेत येशू ख्रिस्ताचे सार्वभौमत्व नमूद करावे अशी मोहीम काढली आणि त्यासाठी १८६४ मध्ये नॅशनल रिफॉर्म असोसिएशन ही संघटना आकाराला आली. ती दुरुस्ती काँग्रेसमध्ये कधीच मंजूर झाली नाही. जे लोक आज राज्यघटना मुळातच ख्रिस्ती होती असे मानतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या काळच्या सर्वांत निष्ठावान ख्रिस्ती सुधारकांना ती तशी वाटत नव्हती. म्हणूनच त्यांना दुरुस्ती हवी होती.

खरा झगडा शाळेवरून सुरू झाला. १८३७ मध्ये होरेस मॅन मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले आणि सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची चळवळ जोमाने वाढली. त्या शाळांत रोज बायबल वाचले जाई, पण ते प्रोटेस्टंटांच्या किंग जेम्स या इंग्रजी आवृत्तीचे, टीपांशिवाय आणि पाळकाच्या विवेचनाशिवाय. प्रोटेस्टंटांना ही पद्धत पंथनिरपेक्ष वाटत होती. कॅथलिकांना ती उघड उघड प्रोटेस्टंट वाटत होती. फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी कॅथलिक मुलांना त्यांच्या चर्चने मान्य केलेली आवृत्ती वाचू द्यावी अशी विनंती केली. कॅथलिकांना शाळेतून बायबलच हद्दपार करायचे आहे अशी हूल उठली, आणि १८४४ च्या मे व जुलै महिन्यांत शहरात दंगली झाल्या. सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही चर्च जाळण्यात आली, अनेकांचे प्राण गेले. पुढे १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा उभारण्याचा आदेश दिला, आणि आईवडिलांच्या श्रद्धेनुसार मूल वाढवण्याचा प्रश्न एका समांतर शिक्षणव्यवस्थेच्या रूपाने उभा राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर या प्रश्नाला कायद्याची भाषा मिळाली. जर्मनद्वेषाच्या लाटेत नेब्रास्काने १९१९ मध्ये आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकी भाषा शिकवण्यास बंदी केली. हॅम्प्टन येथील झायन ल्युथरन शाळेत रॉबर्ट मायर हे शिक्षक एका १० वर्षांच्या मुलाकडून बायबलमधील गोष्टींचे जर्मन पुस्तक वाचून घेत होते. सरकारी वकिलाने ते पाहिले आणि मायर यांना २५ डॉलर दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. राज्यांवर बंधनकारक असलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील ‘स्वातंत्र्य’ या शब्दात संसार मांडण्याचा आणि मुले वाढवण्याचा अधिकार अंतर्भूत आहे, असे न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी लिहिले.

ऑरेगनचा कायदा १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये थेट मतदारांनी मंजूर केला होता. त्यासाठी प्रचार करणाऱ्यांत कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वाची संघटना आणि स्कॉटिश राइट ही फ्रीमेसन बंधुसंघाची शाखा होती; रोख कॅथलिक शाळांवर होता. या कायद्याला येशू आणि मेरी यांच्या पवित्र नावांच्या जोगिणींच्या संघाने आणि हिल मिलिटरी अकॅडमी या खासगी शाळेने आव्हान दिले. मूल ही केवळ राज्याची निर्मिती नव्हे. जे त्याला वाढवतात आणि त्याच्या आयुष्याला दिशा देतात त्यांना त्याची तयारी करून घेण्याचा हक्क आहे आणि ते त्यांचे थोर कर्तव्यही आहे, असे न्यायालयाने म्हटले. १९२९ मध्ये पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्ती शिक्षणावरच्या आपल्या परिपत्रकात या निकालाचा गौरवाने दाखला दिला. एका प्रजासत्ताकाच्या न्यायालयाचा निर्णय पोपच्या शिकवणीत आधार म्हणून यावा, ही घटना या इतिहासात वेगळी उठून दिसते.

या निकालांशी जुळणारा विचार युरोपात आधीच मांडला गेला होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कुटुंब हे राज्यापेक्षा जुने असून त्याचे हक्क राज्याने दिलेले नाहीत असे प्रतिपादन केले होते. डच कॅल्विनवादी (प्रोटेस्टंटांचा एक प्रवाह) नेते अब्राहम कायपर यांनी १८९८ मध्ये प्रिन्स्टन येथील व्याख्यानांत मांडले की कुटुंब, चर्च, विद्यापीठ, व्यापार या प्रत्येक क्षेत्राला ईश्वराने थेट अधिकार दिला आहे, आणि शासन हे त्यांपैकी एक क्षेत्र आहे, इतरांचे मालक नव्हे. कायपर यांच्या अनुयायांनी नेदरलँड्समध्ये सरकारी आणि धार्मिक शाळांना समान अनुदान मिळवण्यासाठी दीर्घ लढा दिला आणि १९१७ च्या घटनादुरुस्तीने तो जिंकला. अमेरिकन प्रोटेस्टंटांपर्यंत हा विचार पोहोचायला मात्र पुढची काही दशके लागली, कारण सार्वजनिक शाळा तोवर त्यांना आपलीच वाटत होती.

ती भावना १९६२ आणि १९६३ मध्ये तुटली. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने तयार केलेली शाळेतील प्रार्थना आणि पेनसिल्व्हेनियातील रोजचे बायबलवाचन ही दोन्ही घटनाबाह्य ठरली. जुन्या परंपरेला जागून अनेक बाप्टिस्ट नेत्यांनी पहिल्या निकालाचे स्वागत केले, हेही नमूद केले पाहिजे. पण सर्वसामान्य भाविकांना आपल्याच घरातून बाहेर काढल्यासारखे झाले. खासगी ख्रिस्ती शाळा झपाट्याने वाढल्या. या वाढीवर वर्णभेदाची काळी छाया आहे आणि ती पुसण्याचा प्रयत्न करू नये. दक्षिणेतील अनेक शाळा कृष्णवर्णीय मुलांबरोबर बसावे लागू नये म्हणूनच निघाल्या, आणि वंशभेद पाळणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत काढून घेणे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये योग्य ठरवले. १९७९ मध्ये बाप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी ही परंपरानिष्ठ ख्रिस्ती मतदारांची राजकीय संघटना जन्मली, त्यामागे गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा निकाल किती आणि शाळांच्या करसवलतीचा वाद किती, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांच्या प्रस्तावित घटनादुरुस्तीविरुद्ध कुटुंबाच्या नावाने यशस्वी मोहीम चालवणाऱ्या फिलिस श्लाफली तर कॅथलिक होत्या. जुनी पंथीय वैरे या काळात मागे पडली.

१९७२ चा आमिश खटला या सर्वांपेक्षा अधिक खोल आहे. विस्कॉन्सिनमधील न्यू ग्लारसजवळच्या तीन आमिश वडिलांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचे नाकारले. पुढचे शिक्षण शेतात आणि समाजातच व्हावे, ही त्यांची धर्मश्रद्धा. प्रत्येकाला ५ डॉलर दंड झाला. आमिश लोक स्वतःच्या बचावासाठी न्यायालयात जाणे टाळतात, म्हणून एका ल्युथरन पाळकाच्या पुढाकाराने समिती स्थापन झाली आणि विल्यम बॉल या कॅथलिक वकिलांनी बाजू मांडली. न्यायालयाने वडिलांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र विचारले की, ज्यांच्या आयुष्याचा हा निर्णय आहे त्या मुलांचे मत कोणी घेतले का? परंपरानिष्ठ विचाराने या प्रश्नाला अद्याप पुरेसे उत्तर दिलेले नाही, असे मला वाटते. याच निकालाच्या बळावर पुढे घरीच शिक्षण देणाऱ्या कुटुंबांनी आपली मागणी रेटली, आणि १९९३ पर्यंत अशा शिक्षणाला सर्व ५० राज्यांत कायदेशीर मान्यता मिळाली.

यातली सर्वांत अवघड गाठ घटनेच्या अर्थनिर्णयाची आहे. पालकांचा हक्क राज्यघटनेत शब्दशः लिहिलेला नाही. तो न्यायालयाने ‘स्वातंत्र्य’ या शब्दातून काढला. गर्भनिरोधके, गर्भपात आणि समलिंगी विवाह यांविषयीच्या निकालांतही मायर आणि ऑरेगन खटल्यांचेच दाखले दिले गेले. त्यामुळे घटनेचा मूळ शब्दार्थ मानणाऱ्या परंपरानिष्ठांपुढे पेच उभा राहिला, आणि न्यायमूर्ती स्कालिया यांनी तो टाळला नाही. २००० सालच्या आपल्या भिन्नमतपत्रिकेत त्यांनी पालकांचा हक्क जन्मसिद्ध मानला, पण न लिहिलेल्या हक्काच्या आधारे कायदे रद्द करण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाही असेही म्हटले. हा पेच सोडवण्यासाठी काही संघटना पालकांचे हक्क थेट राज्यघटनेत लिहिण्याची मागणी करत आहेत.

२७ जून २०२५ च्या निकालाने हा प्रश्न श्रद्धेच्या वाटेने हाताळला. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीत समलिंगी पात्रे असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला आपल्या मुलांना बसवू नये, ही मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पालकांची मागणी होती. खटला प्रलंबित असेपर्यंत ती मान्य करावी असे सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले आणि आधार घेतला तो आमिश खटल्याचा. त्याच सुमारास दुसरा वारसाही जोर धरत होता. लुईझियानाने २०२४ मध्ये सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञांचा फलक लावण्याचा कायदा केला. कायद्याने ठरवून दिलेला पाठ प्रोटेस्टंटांच्या किंग जेम्स बायबलवर बेतलेला आहे, आणि त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांत प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे एक पाळकही आहेत. आपल्या मुलांना पवित्र शास्त्र शिकवणे हे काम कुटुंबाचे आणि मंडळीचे आहे, राज्याचे नव्हे, अशी त्यांची भूमिका आहे.